तेल जातंय, परत येत नाही

वाघबीळच्या उतारावर तो वास पहिल्यांदा आला. फेब्रुवारीतली दुपार होती. पन्हाळ्याहून परत येताना आई मागच्या सीटवर बसली होती. "काहीतरी जळतंय बघ," ती म्हणाली. उसाच्या तोडी चालू होत्या, रस्त्याच्या कडेला कुठं ना कुठं पाचट पेटलेलं दिसत होतं, त्यामुळं मी काच वर केली आणि पुढं निघालो. काच लावल्यावर वास कमी व्हायच्या ऐवजी वाढला. पाचटाचा वास गोडसर असतो, हा तसा नव्हता. रबर आणि लोखंड एकत्र तापल्यासारखा, घशाला लागणारा वास होता.

केर्लीजवळ सावली बघून गाडी थांबवली. पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेला तर वीतभर अंतरावरच धग लागली. उजव्या चाकाला हात लावता येत होता, थोडं कोमट होतं इतकंच. बाटलीतलं चार थेंब पाणी डाव्या चाकाच्या रिमवर शिंपडलं. चर्र आवाज झाला आणि थेंब उडून गेले. पन्हाळ्याच्या उतारावर ब्रेक सारखा मारावा लागतो, म्हणून तापलं असेल, अशी मी समजूत काढली. पण उतारावर दोन्ही पुढची चाकं सारखीच ब्रेक खातात. मग एकच चाक का तापावं? हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

पाव तासानं गाडी निवली आणि घरापर्यंत विनातक्रार आली. पुढचे दोन महिने ज्या गोष्टीनं मला फसवलं ती हीच. गाडी थंड झाली की दोष नाहीसा व्हायचा.

गाडी वडिलांची. १९९८ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, चार गिअर, बारा इंची चाकं, पुढं डिस्क ब्रेक आणि मागं ड्रम. वडिलांनी ती नवी घेतली आणि शेवटपर्यंत स्वतः चालवली. पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग पुन्हा करून घेतलं, त्यानंतर दर पाच वर्षांनी करत आलोय. विकायची म्हटलं तर मोबाइलच्या किमतीत जाईल. पण आईला दुसऱ्या कुठल्या गाडीत चढ-उतार जमत नाही आणि तिच्या माहेरी, मलकापूरला, महिन्यातून दोन फेऱ्या होतात. त्यामुळं ही गाडी चालू राहणं आमच्या घराची गरज आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरासमोर जॅक लावून चाक हातानं फिरवलं. ब्रेकचं पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला जरासं घासत होतं, पण तेवढं तर चालतंच. डिस्क ब्रेकचं पॅड डिस्कपासून लांब जाऊन बसत नाही, अगदी चिकटून असतं. मग हँडब्रेकवर संशय घेतला आणि त्याची केबल दोन आटे सैल केली. तापतंय पुढचं चाक आणि हँडब्रेक धरतो मागची चाकं, म्हणजे त्या कामाला काहीच अर्थ नव्हता. तरी हाताला काम मिळाल्यावर मन शांत झालं.

त्या आठवड्यात मायलेज घसरल्याचंही लक्षात आलं. गावात सतरा देणारी गाडी तेरावर आली होती. सिग्नलला क्लच दाबला की पूर्वी गाडी आपसूक सरकत जायची, आता लगेच थांबायची. कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी.

जवळच्या एका गॅरेजला दाखवली. त्यांनी चाक खोललं, पॅड बघितले आणि "पॅड संपलेत, म्हणून धरतोय" असं सांगितलं. पॅड खरंच झिजले होते, आतला बाहेरच्यापेक्षा जास्त. नवे पॅड टाकले, तेलाच्या दाबानं पॅड डिस्कवर आवळणाऱ्या कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावलं, दोन हजारांच्या आत काम झालं. हे सगळं चालू असताना मी शेजारी उभा होतो. गॅरेजमधल्या पोरानं कॅलिपर सोडवला आणि तसाच खाली लोंबकळत ठेवला. दोन-अडीच किलोचं ते लोखंड एका रबरी नळीवर तासभर लटकत होतं. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही.

चार दिवस गाडी सुरेख चालली. पाचव्या दिवशी फुलेवाडीहून येताना पुन्हा तोच वास.

दुसऱ्या गॅरेजवाल्यानं कॅलिपरचा पिस्टन जाम होत असल्याचं सांगितलं. तेही पटण्यासारखंच होतं. जुन्या गाडीत पिस्टनवरचं डस्ट कव्हर फाटतं, पाणी आत जातं, गंज धरतो आणि पिस्टन पुढं येतो पण माघारी सरत नाही. त्यानं पिस्टन बाहेर काढला, पॉलिश पेपरनं साफ केला, रबरी सीलचं नवं किट टाकलं, एअर म्हणजे नळ्यांत शिरलेली हवा काढली. या वेळी आठ दिवस बरे गेले. मी निश्चिंत झालो आणि आईला घेऊन मलकापूरला निघालो.

बांबवडे ओलांडल्यावर पुढं एक ट्रॅक्टर होता, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या. वेग कमी करायला ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल खाली गेलं. फळीपर्यंत. स्पंजवर पाय द्यावा तसं, काही अडवणूकच नाही. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा थोडं धरलं, तिसऱ्यांदा आणखी थोडं. तोवर गिअर खाली टाकून हँडब्रेक हळूहळू ओढला होता. गाडी ट्रॉलीच्या मागं पंधरा-वीस फुटांवर थांबली. आईला काही कळलं नाही, ती उसाच्या मोळ्यांकडं बघत होती. माझे हात पुढचा अर्धा तास थरथरत होते.

तिथं काय झालं ते मला नंतर समजलं, पण ते इथंच सांगतो, कारण ब्रेक धरतोय ही तक्रार बरेच जण हसण्यावारी नेतात. गाडी थांबत नसेल तर माणूस घाबरतो. ब्रेक जरा जास्तच धरत असेल तर त्याला वाटतं, बरं आहे, थांबते तरी. पण धरलेला ब्रेक चाक तापवतो, चाकाची उष्णता कॅलिपरमधल्या तेलात उतरते आणि ब्रेक ऑइल उकळतं. आपल्या गाड्यांत जे डॉट ३ तेल असतं, ते नवं असताना २०५ अंशांच्या खाली उकळत नाही. पण हे तेल हवेतला ओलावा ओढून घेतं. दोन-तीन पावसाळे त्यानं असेच पाणी पिऊन काढले की उकळायची मर्यादा १४० अंशांच्या आसपास येते. एकदा उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय फळीला टेकतो आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही. गाडी निवली की वाफेचं पुन्हा तेल होतं, पेडल पुन्हा कडक होतं आणि गॅरेजमध्ये गाडी दाखवली की "सगळं ठीक आहे" असं उत्तर मिळतं. हँडब्रेक वाचवतो, कारण तो केबलवर चालतो, त्याचा तेलाशी संबंध नाही.

तासभर झाडाखाली थांबून, दुसऱ्या गिअरमध्ये, वीसच्या वेगानं परत आलो. गाडी घरात लावली आणि ठरवलं की आता पार्ट बदलायचा नाही, आधी दोष शोधायचा.

वडील उद्यमनगरात एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडं गाडी न्यायचे. वडील गेल्यापासून मी तिकडं फिरकलो नव्हतो. गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड, एका बाजूला लेथचं दुकान, दुसऱ्या बाजूला वेल्डिंग. मेस्त्रीमामा आता सत्तरीच्या पुढं आहेत, काम पोरं करतात, ते स्टुलावर बसून बघतात. गाडी ओळखली त्यांनी. "तुझ्या वडलांची न्हवं ही? इतक्या दिसांनी आणलीस व्हय," एवढंच म्हणाले.

मी सगळं सांगितलं. पॅड बदलले, पिना साफ केल्या, किट टाकलं. मामांनी ऐकून घेतलं आणि दोन प्रश्न विचारले.

"ब्रेक दाबल्यावर गाडी कुणीकडं ओढती? आन सोडल्यावर कुणीकडं?"

मला सांगता येईना. दोन महिने मी एवढंच म्हणत होतो की गाडी डावीकडं ओढते. नेमकी कधी ओढते याकडं लक्षच दिलं नव्हतं.

"जा, एक फेरा मारून ये. गाडी तापवूनच आण. थंड गाडी खोटं बोलती."

शिवाजी विद्यापीठापर्यंत जाऊन आलो, मुद्दाम ब्रेक मारत. लक्ष देऊन चालवल्यावर कळलं. ब्रेक दाबल्याबरोबर गाडी आधी किंचित उजवीकडं जात होती. पाय उचलला की डावीकडं ओढ घ्यायची आणि ती ओढ बराच वेळ टिकायची. मामांना हे सांगितलं तर त्यांनी मान डोलावली. डाव्या चाकाला जोर उशिरा पोचतोय आणि उशिरा सुटतोय, असं त्याचं सरळ भाषांतर त्यांनी केलं. कॅलिपर जाम असता तर उशिरा सुटला असताच, पण दाबताना उजवीकडं ओढ आणि सोडल्यावर डावीकडं, ही जोडी दिसली की त्यांचा संशय तेलाच्या वाटेत कुठंतरी जातो.

"आता चाक फिरीव."

जॅक लावला, गाडीखाली आधाराची घोडी दिली, मागच्या चाकांना दगड लावले. डावं चाक दोन्ही हातांनी जोर लावूनही हलेना. उजवं मात्र बोटानं फिरत होतं.

दोष शोधायचं पुढचं सगळं काम पाऊण तासात झालं. त्यात एकही पार्ट बदलला नाही.

कॅलिपरच्या पाठीवर एअर काढायचा एक छोटा निपल असतो. त्यावर पारदर्शक नळी चढवून तिचं दुसरं टोक बाटलीत सोडलं. पोरानं रिंग पान्यानं निपल अर्धा आटा सैल केला. चिर्र करून तेलाची एक पिचकारी बाटलीत गेली. रंग कोऱ्या चहासारखा. त्याच क्षणी मामांनी मला खूण केली. चाकाला हात लावला तर ते फिरलं. काही सेकंदांपूर्वी जे हलत नव्हतं ते चाक एका हातानं दोन गरके घेऊन गेलं.

"कॅलिपर चांगला हाय," मामा म्हणाले. "पिस्टन जाम असता, पिना जाम असत्या, तर तेल सोडून बी चाक सुटलं नसतं. आत प्रेशर अडकलंय. आता कुठं अडकलंय ते बघायचं."

हे ऐकताना मला पोटात कसंतरी झालं. पॅडचे आणि किटचे मिळून साडेचार हजार गेले होते, पण त्याचं दुःख नव्हतं. बांबवड्याच्या त्या ट्रॉलीच्या मागं आई गाडीत होती आणि हा अर्ध्या आट्याचा तपास तोपर्यंत कुणीच केला नव्हता.

निपल घट्ट केला. मी आत बसून पेडल तीन वेळा दाबलं आणि सोडलं. डावं चाक पुन्हा जाम. आता मामा स्वतः उठले. स्टीलची बारीक नळी पेडलच्या जोरानं तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरकडून येते आणि चाकाच्या वरच्या बाजूला रबरी होजला जोडते. त्या जोडाचा नट त्यांनी हलकासा सैल केला. जोडातून तेल पाझरू लागलं. म्हणजे जोडाच्या वरच्या अंगाला, मास्टरच्या बाजूला, आता दाब उरला नव्हता.

"फिरीव."

चाक हललं नाही.

मग पोरानं पुन्हा खालचा निपल सोडला आणि चाक लगेच मोकळं झालं.

मामांनी बोटानं होज दाखवला. वरून तेल सोडलं तर चाक सुटत नाही, खालून सोडलं तर सुटतं. या दोन जागांच्या मधे उरतो फक्त वीतभर लांबीचा रबरी पाइप. वरचा नट सैल केल्यावर चाक सुटलं असतं, तर होज निर्दोष ठरला असता आणि मास्टर सिलिंडरकडं जावं लागलं असतं. तिथं पेडल सोडल्यावर तेल माघारी टाकीत जायला एक बारीक भोक असतं. ते घाणीनं बुजलं किंवा पेडलचा दांडा फार ताठ बसवला तरी ब्रेक धरतो. पण तसं असेल तर बहुधा एकापेक्षा जास्त चाकं धरतात. माझं एकच धरत होतं.

"तेल जातंय, पर माघारी येत न्हाई," मामा म्हणाले. "पाय दिल्यावर जोरानं रेटून जातंय. येताना रेटायला कोण हाय?"

हा मुद्दा मला नीट समजायला हवा होता, म्हणून मी थांबून विचारलं. ड्रम ब्रेकमध्ये लायनर माघारी ओढायला स्प्रिंगा असतात, तशा डिस्कमध्येही असतील अशी माझी समजूत होती. नसतात. पिस्टनभोवती एक चौकोनी काटछेदाचं रबरी सील बसलेलं असतं. ब्रेक दाबला की पिस्टन पुढं सरकतो आणि ते सील त्याच्याबरोबर किंचित मुरगळतं. ब्रेक सोडला की सील आपल्या मूळ आकारात येतं आणि पिस्टनला केसभर मागं खेचतं. पिस्टन मागं येण्यामागं जोर म्हणावा तो इतकाच. तेव्हा नळीत जराही दाब अडकला तर ते सील बिचारं काय करणार? त्यातून पॅड घासत राहतं, तेल तापतं, तापलेलं तेल फुगतं. माघारी जायला वाट नाही, मग दाब आणखी वाढतो आणि पॅड आणखी घट्ट बसतं. थंड असताना मोकळी असणारी गाडी दहा किलोमीटरनंतर जाम का होते, त्याचं उत्तर मला मिळालं. किट टाकल्यावर आठ दिवस बरे का गेले, त्याचंही. नळ्या खोलल्यामुळं अडकलेला दाब सुटला होता आणि होजलाही हलवाहलव झाली होती. दोष होता तिथंच होता.

होज काढणं हे सोपं काम नव्हतं. इतक्या वर्षांत वरचा नट गंजून स्टीलच्या नळीला धरला होता. घाईनं पाना फिरवला तर नळीच पिळवटून तुटते आणि मग मास्टरपासून नवी नळी टाकावी लागते. पोरानं गंज सुटायचं तेल मारून वीस मिनिटं वाट बघितली, हलक्या हातोडीनं नटाच्या कडांवर टकटक केली आणि एका पान्यानं होजचं टोक धरून दुसऱ्यानं नट सोडवला. या सगळ्या वेळात कॅलिपर तारेनं वर बांधून ठेवला होता. मी त्या तारेकडं बघत होतो. मामांनी विचारलं, "काय बघतोस?" मी पहिल्या गॅरेजमध्ये कॅलिपर लटकत होता ते सांगितलं. ते म्हणाले, "होज त्याच्या आधीच गेला आसंल, वास तर आधी आला न्हवता का? पर लटकवल्यानं उरलंसुरलं बी गेलं." हिशेब बरोबर होता. तरीही हे लिहून ठेवतो. कॅलिपर सोडवला की तारेनं किंवा दोरीनं बांधायचा, होजवर टांगायचा नाही. गॅरेजमध्ये उभे असाल तर स्पष्ट सांगा, पोरं ऐकतात.

काढलेला होज बाहेरून बघितला तर फेकावासा वाटला नसता. चिरा नाहीत, फुगवटा नाही, गळती नाही. पाण्यानं धुऊन त्यात कॉम्प्रेसरची हवा अगदी हळू सोडली. मास्टरकडच्या टोकातून हवा फुसफुसत गेली. उलट बाजूनं, कॅलिपरकडच्या टोकातून सोडली तर जवळजवळ काहीच बाहेर आलं नाही. मग पोरानं ब्लेडनं होज उभा चिरला. काडेपेटीची काडी जाईल एवढं भोक आत असायला हवं होतं. त्या जागी रबर सुजून मिटत आलं होतं आणि मधेच आतल्या थराची एक पापणीसारखी सालपट सुटली होती. तेल जाताना ती बाजूला होत असणार आणि येताना भोकावर बसत असणार. मी ती सालपट नखानं उचलून बघितली. नखभर रबर. एवढ्यानं साडेसहा क्विंटलच्या आतबाहेरची गाडी धरून ठेवली होती.

वडिलांची एक वही आहे, गाडीच्या प्रत्येक कामाची नोंद असलेली. क्लच प्लेट, बॅटऱ्या, टायर, रेडिएटर, सगळं तारखेसह. घरी येऊन ती दोनदा चाळली. ब्रेकचा होज कुठंच नव्हता. म्हणजे १९९८ मध्ये कंपनीतून आलेलाच. रबर रोज तेलात भिजतं, उन्हात तापतं, स्टिअरिंग फिरेल तसं वाकतं. इतकी वर्षं टिकलं हेच पुष्कळ.

पुढचे दोन्ही होज शाहूपुरीत मिळाले, तिसऱ्या दुकानात. एकच बदलून चालेल का, असं मी विचारल्यावर मामांनी उत्तर दिलं नाही, फक्त बघितलं. जोडीनं टाकले. तांब्याचे वायसर नवे घेतले, कारण ते एकदा दाबले गेले की पुन्हा नीट बसत नाहीत आणि दहा रुपयांच्या वायसरपायी तेल गळतं. होज बसवताना त्याला पीळ पडला नाही ना, ते बघितलं. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून होज टायरला कुठं घासत नाही याची खात्री केली.

डिस्कचं मात्र वाईट झालं होतं. तिच्यावर ठिकठिकाणी निळसर डाग होते, लोखंड जास्त तापल्याची खूण. शेजारच्या लेथवर नेली. टर्नरनं चार ठिकाणी मायक्रोमीटर लावला आणि मान हलवली. डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली होती, आमची त्याच्या अगदी काठावर आलेली. कात मारली असती तर खाली गेली असती. कोल्हापुरात कुठलाही लोखंडी पार्ट घासून, भरून, वळवून पुन्हा उभा करणारे हात आहेत आणि मला त्याचा अभिमान आहे. पण डिस्कच्या बाबतीत "नको" म्हणणारा टर्नर मला जास्त मोलाचा वाटला. त्याचं त्यात काम बुडत होतं. दोन्ही डिस्क नव्या घेतल्या. पॅड दोन महिन्यांपूर्वीचेच होते, पण डावे काचेसारखे चकाकत होते, तेही गेले. बेअरिंग फिरवून, कान लावून ऐकलं. ते वाचलं होतं.

मग एअर काढणं. मी आत पेडलवर, पोरगं चाकाशी, मामा बॉनेटपाशी तेलाच्या टाकीवर लक्ष ठेवून. टाकी रिकामी झाली तर हवा वरूनच आत शिरते आणि सगळं पहिल्यापासून. आधी मागचं डावं चाक, कारण मास्टर उजवीकडं असल्यामुळं ते सगळ्यात लांब. मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं.

"मार… मार… मार… धर!"

"धरलंय."

निपल सुटला की पेडल पायाखाली बुडायचं. ते तसंच दाबून धरायचं. निपल पुन्हा आवळल्याची हाक आल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर बाहेरची हवा ओढली जाते. पहिल्यांदा काळं तेल आलं, मग तपकिरी, मग बुडबुड्यांसकट पिवळसर. शेवटी नळीतून स्वच्छ, मधाच्या फिकट रंगाचं तेल सलग येऊ लागलं. चार चाकांना मिळून अर्ध्या लिटरच्या वर लागलं. फेंडरवर चार थेंब सांडले त्यावर मामांनी लगेच पाणी ओतायला लावलं. हे तेल रंग खातं.

मामांनी हेही सांगितलं की तेल दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालो वा न चालो. आपल्याकडं इंजिन ऑइल सगळे बदलतात. ब्रेक ऑइल मात्र कमी झालं तरच भरतात. मीही तेच करत होतो. आणि टाकीत दुसरं कुठलंही ऑइल चुकून पडू द्यायचं नाही. इंजिनाचं तेल थोडं जरी गेलं तरी सगळी रबरं सुजतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे फुलेवाडीच्या पुढं, बालिंग्याच्या वाटेवर सपाट तुकडा बघून एक चाचणी घेतली. चाळीसचा वेग, न्यूट्रल आणि पाय बाजूला. मार्चमध्ये याच जागी गाडी विजेच्या पाचव्या खांबाशी थांबली होती. या वेळी अकरावा खांब मागं पडला तरी ती संथ सरकतच होती. खाली उतरून दोन्ही चाकांच्या रिमना तळहाताची पाठ लावली. दोन्ही सारखी, अंगाला लागणाऱ्या उन्हाइतकी कोमट. मग रविवारी आईला घेऊन पन्हाळा. येताना वाघबीळला मुद्दाम काच खाली ठेवली. वास होता, पण तो गुऱ्हाळाचा होता. रस्त्याकडच्या चुलवाणावर शेवटची आधणं चालू होती. आईनं गाडी थांबवायला लावून एक ढेप घेतली.

उजव्या बाजूचा जुना होज मी पिशवीत घालून घरी आणला होता. ते चाक कधीच धरलं नव्हतं. तरी तो स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवून ब्लेडनं चिरला. आतली सूज तिथंही सुरू झाली होती, भोक निम्म्यावर आलेलं. मागच्या चाकांकडं जाणारे होज अजून जुनेच आहेत. ते इथं मिळाले नाहीत, दुकानदारानं पुण्याहून मागवलेत. शनिवारी येतील असं म्हणालाय. तोवर मलकापूरची फेरी मी एसटीनं करतोय.